चंदन ‘अल्बम’, तुती ‘अल्बा’

एखाद्या झाडाच्या किंवा प्राण्याच्या शास्त्रीय नावासाठी इंग्रजीतल्या ‘व्हाइट’चं लॅटिन करायचं, तर कोशात ‘अल्बस’ लगेच सापडतो. लोक चुकतात ते पुढे, प्रत्ययात. खरं तर मराठी माणसाला हे सोपं जावं. पांढरा, पांढरी, पांढरं. तसंच अल्बस, अल्बा, अल्बम. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे ‘जीनस’चा. दुसरा शब्द विशेषण असेल, तर तो या प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालतो.

पण ते लिंग नुसत्या शेवटावरून ठरवलं की फसगत होते. चंदनाची प्रजाती ‘सॅन्टॅलम’ नपुंसकलिंगी, म्हणून सॅन्टॅलम अल्बम. तुतीची ‘मोरस’ मात्र दिसते पुल्लिंगी आणि आहे स्त्रीलिंगी, कारण रोमन लोक बहुतेक वृक्षांची नावं स्त्रीलिंगी मानत. म्हणून मोरस अल्बा. पिंपळही फायकस रिलिजिओसा. याउलट ‘ल्युपिनस’ हे छोटं रोप पुल्लिंगी, म्हणून ल्युपिनस अल्बस.

शब्दही पारखून घ्यावा. अल्बस म्हणजे साधा पांढरा. झळाळता शुभ्र असेल तर ‘कॅन्डिडस’, जसं लिलियम कॅन्डिडम. जोडशब्द करताना लॅटिन भाग लॅटिनला आणि ग्रीक भाग ग्रीकला जोडतात. सरमिसळ झाली म्हणून नाव रद्द होत नाही, पण जाणकार नाक मुरडतात. सुबाभळीचं ‘ल्युकोसेफाला’ अख्खं ग्रीक मुळांचं आहे: ‘ल्युक’ म्हणजे पांढरं, मधे जोडस्वर ‘ओ’, पुढे ‘डोकं’. तिचे पांढरे गोंडे आठवा. लॅटिन जोडशब्दात हाच स्वर सहसा ‘इ’ असतो, जसं ‘अल्बिफ्लोरस’, पांढऱ्या फुलांचा.

प्रजाती बदलली की प्रत्ययही बदलतो. पावसाळ्यात पिवळाधमक होऊन डराव डराव करणारा मोठा बेडूक पूर्वी ‘राना टायगरिना’ होता. तो पुल्लिंगी ‘हॉप्लोबॅट्रॅकस’मध्ये गेला आणि ‘टायगरिनस’ झाला. सिंहाच्या ‘पँथेरा लिओ’त मात्र ‘लिओ’ हे नाम आहे, विशेषण नव्हे. नाम जसंच्या तसं राहतं.

व्यक्तीचं नाव द्यायचं तर षष्ठी वापरतात. वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांच्या नावाची कंदीलपुष्पाची जात ‘सेरोपेजिया महाबळेई’ आहे: पुरुषाचं नाव, शेवटी स्वर, म्हणून नुसता ‘इ’. तेच नाव व्यंजनान्त असतं, तर वनस्पतींच्या नियमानुसार दोन ‘इ’ लागले असते.

1 जानेवारी 2012पासून नव्या वनस्पतीचं वर्णन इंग्रजीत चालतं, पण नाव लॅटिन वळणाचंच लागतं. लिंगाचा प्रत्यय चुकला तर तो नंतर दुरुस्त करतात. नाव देणाऱ्याचं श्रेय आणि मूळ तारीख तशीच राहते.