घरचा साग आणि वाळवी

"साग म्हटला की वाळवी नाही, भुंगा नाही. घरच्या सागाच्या चौकटी करा आणि निर्धास्त राहा." हा सल्ला पिढ्यानपिढ्या फिरतो आहे. तो निम्मा खरा आहे, म्हणूनच पटतो.

सागाचं खोड आडवं कापून बघा. मध्ये सोनेरी-तपकिरी गाभा, भोवती पिवळट पांढरं कडं. झाड जिवंत असताना या कड्यातून पाणी वर चढतं आणि त्यातच स्टार्च साठतो. कड्याचा आतला भाग मरून गाभा होताना त्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं भरतात. वाळवीला ती सोसत नाहीत. सागाची कीर्ती आहे ती या गाभ्याची. पांढऱ्या कड्यात ही द्रव्यं फारशी नसतात आणि स्टार्च मात्र भुंग्याला हवाच असतो. कितीही वाळवलं तरी त्या कड्याचा गाभा होत नाही.

जुन्या वाड्यांच्या तुळया टिकल्या, कारण त्या जाड, जुन्या झाडांच्या होत्या. बांधावरच्या पंधरा-वीस वर्षांच्या सागात पांढरा भाग बराच असतो. लोकांचा अनुभव खोटा नव्हता, झाड वेगळं होतं.

तपासणी पॉलिशच्या आधीच करा. रंग चढला की दोन्ही भाग सारखेच दिसतात. फळीचं टोक रंधून ओल्या फडक्याने पुसलं की फरक लगेच कळतो. टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली, तर भुंगा आत आहे. पांढरी कड सुताराकडून उतरवून घ्या. फळ्या कमी भरतील, त्याला इलाज नाही.