एक पुडी मुळाशी, दुसरी खतात

मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानात मी मायकोरायझा मागितला, तर दुकानदाराने ट्रायकोडर्माची पुडी पुढे सरकवली. "हेच घ्या हो. दोन्ही बुरशीच, काम एकच." दोन्ही पुड्यांत बुरशी, हे खरं. काम एकच, हे मात्र साफ खोटं. मी तेव्हा ते मुकाट्याने घेतलं आणि गच्चीवरची एक अख्खी पावसाळी लागवड त्या गोंधळात काढली.

फरक पाकिटावरच कळतो. आपल्याकडे मायकोरायझा जैविक खत म्हणून, 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली विकला जातो. ट्रायकोडर्माची नोंदणी 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली, जैविक बुरशीनाशक म्हणून होते. म्हणजे सरकारदरबारी एक झाडाला खायला आणून देणारा आणि दुसरा झाडाची राखण करणारा.

मायकोरायझा हे खरं तर बुरशीचं नावच नाही. बुरशी आणि मूळ यांच्या संसाराचं ते नाव आहे. फ्रँक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये 'बुरशी' आणि 'मूळ' हे दोन ग्रीक शब्द जोडून ते केलं. कुंडीतल्या भाज्या-फुलांच्या कामाची जी जात आहे, ती मुळाच्या पेशीत शिरून तिथे झुडपासारखी बारीक फांद्या फोडते. तिचे तंतू मुळाच्या पल्याड, मुळाला पोचता येणार नाही तिथवर जातात आणि स्फुरद (फॉस्फरस), जस्त, पाणी ओढून आणतात. बदल्यात झाड तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. जिवंत मूळ नसेल तर ही बुरशी वाढतच नाही. म्हणून ती कंपोस्टच्या ढिगात टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

मी नेमकं तेच केलं होतं. पुढे खरा मायकोरायझा मिळाला, तो पालापाचोळ्याच्या डब्यात भुरभुरवला आणि उरलेला पालकाच्या कुंडीत टाकला. पालक, बीट, कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही मंडळी या बुरशीशी सोयरीकच करत नाहीत. टोमॅटो, मिरची, वांगं, मका, झेंडू, कांदा मात्र आनंदाने करतात.

ट्रायकोडर्माला संसाराची गरज नाही. शेणखत, निंबोळी पेंड, कुजणारा पाला मिळाला की तो एकटाच फोफावतो, आणि वाटेत आलेल्या पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजॅरियम अशा रोग आणणाऱ्या बुरशांना आणि बुरशीसारख्या जिवांना विळखा घालून त्यांची पेशीभिंत विरघळवतो. जूनच्या चिंब आठवड्यात टोमॅटोची इवली रोपं मातीलगत मऊ पडून मान टाकतात ना, ते बहुतेक यांचंच काम. तिथे मायकोरायझाच्या भरवशावर राहू नका, तो जमायलाच काही आठवडे घेतो.

माझी पद्धत अशी. एका किलो ओलसर शेणखताला 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा, वरून ओलं गोणपाट, आणि टब सावलीत. सावलीचं एवढ्यासाठी की पुण्यातल्या एप्रिलच्या गच्चीवर त्याचा निभाव लागत नाही. आठवड्याने गोणपाट उचललं की आधी पांढरी लव दिसते, मग तिच्यावर कुणी हिरवी रांगोळी चिमटीने सोडल्यासारखे ठिपके, आणि पावसानंतरच्या रानासारखा वास. (हिरवं दिसलं म्हणजे तोच, असंही नाही, पेनिसिलियम नावाची बुरशीही हिरवीच असते.) हे खत मग पोयटा माती आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळायचं.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू दर पावसाळ्यात कंपोस्टमधल्या पांढऱ्या जाळ्याचा फोटो पाठवतात, "बघ, मायकोरायझा आला!" काकू, तो कुजवणारा आहे, येऊ दे. पण मायकोरायझा असा उघड्या डोळ्यांना ओळखू येत नाही. मुळं उकळून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागतात.

मायकोरायझा मी रोप कुंडीत लावतानाच वापरते. खड्ड्यात चिमूटभर, मुळं थेट त्यावर टेकतील अशी. जमिनीतल्या मातीत या बुरशा मुळातच असतात, त्यामुळे फायदा जास्त दिसायचा तर तो कोकोपीटच्या मिश्रणात. पण त्याच हाताने मूठभर हाडांचा चुरा किंवा कोंबडखत घातलंत, तर स्फुरद आयतं मिळाल्यावर झाड बुरशीला दारात उभं करत नाही. आणि कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक ओतलं तर ट्रायकोडर्माची सगळी मेहनतही वाया.

पुडी दरवेळी विकतच आणायला हवी असंही नाही. एका कुंडीत थोडा मायकोरायझा घालून मका पेरा. तीन महिन्यांनी मक्याचं ताट मातीलगत कापा, पाणी बंद करा, माती वाळू द्या. मग मुळं कात्रीने बारीक करून त्याच मातीत कालवा. ही मूठभर माती पुढच्या मिरचीच्या खड्ड्यात घातली की झालं. ट्रायकोडर्माचं मात्र मी ताजं पाकीटच घेते, मुदत पाहून.

पालकाला आता नुसतं टबातलं खत देते, आणि तो मजेत आहे.