शिकारीनंतरचा घोट

माझा एक मित्र मूळचा सांगलीचा, पण गेली पंधरा वर्षं स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला तेलाच्या धंद्यात आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये त्याचा साहेब त्याला हरणाच्या शिकारीला घेऊन गेला. रायफल याच्या हातात नव्हती, हा नुसता मागे चालायला. दुसऱ्या दिवशी फोन आला, तेव्हा शिकारीवर दोन मिनिटं बोलला आणि व्हिस्कीवर वीस. पडलेल्या नराजवळ उभं राहून सगळ्यांनी चपट्या स्टीलच्या बाटलीतून एकेक घोट घेतला होता. "आयुष्यात अशी व्हिस्की प्यालो नाही," म्हणाला. खाली उतरल्यावर नाव विचारून घेतलं, तीच बाटली विकत आणली आणि घरी सोफ्यावर बसून ओतली. ठीकठाक लागली. "बाटली बनावट असेल का रे?"

बाटली अस्सल होती. बदलला होता तो पिणारा.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे हा सोहळा आपल्याला परका वाटणार. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं गणित वेगळं आहे. तिथले लांडगे काही शतकांपूर्वीच संपले. लाल हरणाला (आपल्या सांबराचा हा दूरचा भाऊ) मारणारं जनावर उरलं नाही. कळप वाढले की झाडांची रोपं वर येऊच देत नाहीत, म्हणून दरवर्षी ठरावीक हरणं मारणं हा जंगल सांभाळण्याचाच भाग मानला जातो. शिकार म्हणजे मचाणावर बसणं नव्हे. सहा-आठ तास ओल्या हेदरच्या झुडपांतून चालायचं आणि शेवटचं अंतर पोटावर सरपटत जायचं, तेही कायम वाऱ्याच्या समोरून. वारा पाठीमागून आला की हरणाला माणसाचा वास लागलाच. चपट्या बाटलीचं बूच म्हणूनच शेवटपर्यंत उघडत नाहीत. गोळी सुटते, रायफल रिकामी केली जाते, जनावराचा कोथळा तिथेच काढतात, पूर्वी घोड्यावर आणि आता बहुधा गाडीवर धूड लादायची तयारी होते, आणि मग बाटली फिरते.

त्या क्षणी अंगात काय चाललेलं असतं? हवा पाच अंश, कपडे भिजलेले, पोटात सकाळचं सँडविच केव्हाच जिरलेलं. बाटली कोटाच्या बाहेरच्या खिशात, म्हणजे व्हिस्कीही जवळजवळ तेवढीच गार.

आता घशातली आग बघू. आपल्या तोंडात आणि अन्ननलिकेत टीआरपीव्ही-१ नावाचे संवेदक असतात. त्यांचं काम भाजण्याची सूचना देणं. साधारण ४२ अंशांच्या वर काही आलं की ते मेंदूला कळवतात. मिरचीतलं कॅप्सेसिन याच संवेदकाला चिकटतं, म्हणून ठेचा गार असला तरी 'जाळ' लागतो. २००२मध्ये संशोधकांनी दाखवलं की मद्यार्क हाच संवेदक हळवा करतो. त्याचा उंबरठा ४२वरून सुमारे ३४ अंशांवर उतरतो. आपलं शरीर ३७ अंशांचं. म्हणजे व्हिस्की पिताना जी आग जाणवते, ती व्हिस्कीची नसून आपल्याच अंगाची ऊब असते. संवेदक तिला भाजणं समजतो. व्हिस्की आणि ठेचा घशात एकाच दारावर टकटक करतात, ही मला या विषयातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

डोंगरावर मात्र तोंड गारठलेलं, व्हिस्की गार. जिभेवर ३४ अंश भरतच नाहीत. घोट तोंडात मऊ जातो आणि आग लागते ती खाली, छातीत उतरल्यावर. मित्राचं वर्णन अगदी हेच होतं: "तोंडात काही नाही, आणि मग आतून दिवा लावल्यासारखं." सोफ्यावर वीस अंशांची व्हिस्की कोमट तोंडात गेली की पहिला चटका जिभेलाच बसतो. दिवा आत लागत नाही.

यानंतर येते ती खरी फसवणूक. मद्यार्कामुळे कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात. थंडीत शरीराने शहाणपणाने आत ओढून ठेवलेलं गरम रक्त पुन्हा पृष्ठभागावर येतं. गाल तापतात, बोटांत जीव येतो. पण ती ऊब हृदय-मेंदूच्या वाट्याची असते आणि आता ती वाऱ्यावर निघालेली असते. हुडहुडी भरून शरीर जी उष्णता तयार करतं, तीही मद्याने मंदावते. माणसाला गरम वाटतं आणि तो गार होत जातो.

दारूने ऊब येते ही समजूत इतकी घट्ट का बसली? थोडा दोष एका चित्रकाराचा आहे. गळ्यात ब्रँडीचं पिंप अडकवलेला सेंट बर्नार्ड कुत्रा सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. आल्प्समधल्या मठातले कुत्रे बर्फात अडकलेली माणसं शोधायचे हे खरं, पण पिंपाला मठात काही आधार सापडत नाही. ते पिंप लोकांच्या डोक्यात बसलं १८२०मधल्या एका चित्रामुळे. काढणारा एडविन लँडसीअर, वय वर्षं अठरा. हाच लँडसीअर पुढे राणी व्हिक्टोरियाचा लाडका झाला आणि १८५१मध्ये त्याने 'मोनार्क ऑफ द ग्लेन' रंगवलं: धुक्यातल्या डोंगरावर मान ताठ करून उभं असलेलं बारा टोकांच्या शिंगांचं हरीण. ते चित्र साबणाच्या जाहिरातीपासून व्हिस्कीच्या बाटलीपर्यंत सगळीकडे गेलं. व्हिस्कीच्या कंपन्यांकडे बरीच वर्षं त्याची मालकीही होती; २०१७मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनाने ते ४० लाख पौंडांना घेतलं. व्हिस्की आणि हरीण, दारू आणि ऊब, दोन्ही जोड्या एकाच माणसाच्या कुंचल्याने पक्क्या केल्या.

भुकेचा मुद्दा कमी बोलला जातो आणि तो जास्त धोक्याचा आहे. यकृतात साखरेचा साठा असतो साधारण शंभर ग्रॅम. आठ तास डोंगर तुडवला आणि नीट खाल्लं नाही, तर तो तळाला जातो. मग यकृत इतर कच्च्या मालातून नवी साखर बनवून रक्तात सोडत राहतं. नेमक्या या वेळी मद्य आलं की यकृत ते आधी निकालात काढायला घेतं. त्या कामात एनएडी नावाचा रेणू खर्ची पडतो, आणि नवी साखर बनवायलाही तोच लागतो. साखरेचं काम अडतं. गरगरणं, हात थरथरणं, डोकं बधिर होणं याला लोक 'चढली' म्हणतात. पुष्कळदा त्यात साखर उतरल्याचाही वाटा असतो. ब्रिटनमधला लहान पेग २५ मिलिलिटरचा, त्यात मद्यार्क जेमतेम आठ ग्रॅम. एवढ्याने धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही आणि यकृत तासाभरात तो निस्तरतं. बाटली दुसऱ्यांदा फिरली, तिसऱ्यांदा फिरली की हिशेब बदलतो. शिवाय खाली गाडी उभी असते. स्कॉटलंडमध्ये २०१४पासून मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडपेक्षा कडक. आपली तर ३० आहे.

आता निवड. मित्राने मला विचारलं होतं, पुढच्या वर्षी यजमानांसाठी कोणती बाटली नेऊ? त्याच्या मनात अर्थातच हरणवाल्या बाटल्या होत्या. ग्लेनफिडिक या नावाचाच गेलिक अर्थ 'हरणांचं खोरं', आणि तिच्यावरचं हरीण लँडसीअरच्याच चित्रावरून आलेलं. डॅलमोरवर शिंगांचं मस्तक. १२६३मध्ये मॅकेंझी घराण्याच्या पूर्वजाने राजा तिसऱ्या अलेक्झांडरला चवताळलेल्या हरणापासून वाचवलं ही त्यामागची दंतकथा. रॉयल लॉकनगर तर बालमोरल या राजघराण्याच्या शिकारी मुलखाला खेटून. जॉन बेगने ही भट्टी १८४५मध्ये सुरू केली आणि १८४८मध्ये राणीला शेजारधर्म म्हणून चिठ्ठी पाठवून बोलावलं, तर ती नवऱ्यामुलांसकट दुसऱ्याच दिवशी हजर! तिन्ही उत्तम. आणि माझ्या मते तिन्ही डोंगरावर न्यायला चुकीच्या.

कारण वास. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाने घेतलेला असतो, आणि नाकाला वास पोचायला रेणू हवेत उडावे लागतात. वीस अंशांवर शुद्ध मद्यार्काची वाफ जेवढी दाबाने निघते, पाच अंशांवर ती निम्म्याहूनही खाली येते. वासाचे जड रेणू त्याहून आळशी. सफरचंद, मध, मनुका असले नाजूक वास गारठ्यात बसून राहतात. वर चपट्या बाटलीचं तोंड अरुंद, नाक घालायलाही जागा नाही, आणि वारा उरलंसुरलं घेऊन जातो.

टिकतो तो धूर. इस्ले बेटावरच्या लॅफ्रोएग, लॅगाव्हुलिन, आर्डबेग या व्हिस्क्या यासाठीच प्रसिद्ध आहेत. जवाला मोड आणून तो वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत न कुजता दबलेलं शेवाळ आणि झुडपं. ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साठतं, म्हणजे मीटरभर खोदलं की आपण हजारेक वर्षं मागे गेलो. त्याच्या धुरातली फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही मंडळी दाण्यावर बसतात आणि ऊर्ध्वपातनातूनही काही प्रमाणात तगून बाटलीत येतात. जुन्या सरकारी दवाखान्यात काळं फिनेल टाकून पुसलेल्या फरशीचा वास आठवा, तेच घराणं. लॅफ्रोएगचा पहिला घोट घेऊन "हे काय औषध?" म्हणणारा माणूस नाकाचा पक्का असतो. हे रेणू अगदी थोडे असले तरी नाक त्यांना पकडतं, म्हणून गारठ्यात बाकीचे गप्प झाले तरी त्यांचा आवाज येतो. मित्राच्या त्या चपट्या बाटलीत स्काय बेटावरची टॅलिस्कर होती: धूर बेताचा, मिरपुडीसारखी झणझणीत, मद्यार्क ४५.८ टक्के. ज्याने ती भरली त्याला रसायनशास्त्र येवो न येवो, डोंगर कळत होता.

हरणवाल्या बाटल्यांची वेळ संध्याकाळची. कपडे बदललेले, जेवण झालेलं, आग पेटलेली, ट्युलिपच्या आकाराचा ग्लास तळहातात. आता ते नाजूक रेणू उठतात. ओकच्या लाकडातल्या लिग्निनपासून आलेलं व्हॅनिलिन, ओल्या खोबऱ्यासारखा वास देणारं व्हिस्की लॅक्टोन, शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपातून आलेला मनुका-अक्रोड. पाण्याचे थेंब घालायचे ते इथे. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७मध्ये संगणकावर पाणी, मद्यार्क आणि ग्वायकॉल यांचं मिश्रण तपासलं. मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या दिशेला राहतं. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की मद्यार्काचे रेणू त्याला घेरून आत ओढतात. थेट पिंपातून भरलेल्या साठ टक्क्यांच्या व्हिस्कीत पाणी घातल्यावर ती 'उघडते' असं जाणकार म्हणतात, ते यामुळे पटतं. चाळीस टक्क्यांच्या बाटलीत हे काम कारखान्यातच उरकलेलं असतं, तिथे पाण्याचं फार कौतुक नको.

शेवटी मित्राला मी गोव्याची बाटली सुचवली. पॉल जॉन, कुंकळ्ळीची. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडून जाते; त्याला तिथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या अमृत या व्हिस्की कारखान्यातले देवदूत दहा-बारा टक्के पितात. गोव्याच्या उकाड्यातही लाकूड आणि व्हिस्की यांची देवाणघेवाण भराभर होते, म्हणून चार-सहा वर्षांतच ती वयाने मोठी वाटते. आणि ती जवाची आहे. आपल्याकडची बरीचशी स्वस्त 'व्हिस्की' साखर कारखान्याच्या मळीपासून बनते, तिला युरोपात ते नाव लावता येत नाही. सांगलीच्या माणसाने स्कॉटिश शिकाऱ्याला मळीची बाटली भेट देणं म्हणजे जरा जास्तच झालं असतं.

त्याने ती नेली, यजमान खूश झाले. पण त्याला स्वतःला अजून तो पहिला घोट हवा होता. जानेवारीत त्याने टॅलिस्करची बाटली रात्रभर बाल्कनीत ठेवली आणि सकाळी बर्फात उभं राहून एक घोट घेतला. मी विचारलं, "लागली का तशी?"

"थोडीफार. पण बायको आतून बघत होती."