सबमीटर (भाड्याच्या घरातली लाईट बिलाची वाटणी)

घरमालकाच्या नावावर वीज कंपनीचा एक मेन मीटर असतो आणि त्याच्या पुढे प्रत्येक भाडेकरूच्या खोलीसाठी मालकाने स्वतःच्या खर्चाने वेगळा मीटर बसवलेला असतो, त्या खाजगी मीटरला सबमीटर म्हणतात, आणि त्यावरच्या युनिटप्रमाणे लाईट बिल वाटून घेण्याच्या पद्धतीलाही हाच शब्द चालतो. काही ठिकाणी प्रायव्हेट मीटर म्हणतात, काही ठिकाणी चेक मीटर, पण चेक मीटर हा शब्द वीज कंपन्यांकडे वेगळ्या अर्थाने आहे (संशय असलेल्या मीटरच्या जोडीला तपासणीसाठी लावलेला दुसरा मीटर), म्हणून इथे सबमीटर हाच शब्द ठेवलाय. वाडे, चाळी, बंगल्याच्या मागच्या किंवा वरच्या खोल्या, विद्यार्थ्यांच्या कॉट बेसिसच्या जागा, दुकानाच्या वरचा माळा, अशा सगळीकडे ही पद्धत आहे. सोसायटीतल्या फ्लॅटला स्वतःचा मीटर असतो, तिथे राहणारा आलेलं बिल भरून टाकतो, सबमीटरचा प्रश्नच येत नाही.

पद्धत नेमकी कुठून आली यावर दोन म्हणणी आहेत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे १८८२ मध्ये लागले होते पण तो प्रयोग टिकला नाही, नियमित पुरवठा १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली तेव्हापासूनचा धरतात (हीच पुढे ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेकडे जाऊन बेस्ट झाली). चाळीतल्या खोल्याखोल्यांत वीज पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला, आणि पोचली तेव्हा सुरुवातीला मीटरने नाही तर दिव्यामागे ठरलेले पैसे घ्यायची रीत होती, एक बल्ब असेल तर इतके, पंखा लावला तर वर तितके. एक म्हणणं असं की पंखा, रेडिओ, इस्त्री अशी उपकरणं वाढली तशी दिव्यामागची आकारणी मोडली आणि सबमीटर आला. दुसरं म्हणणं भाडे कायद्याकडे बोट दाखवतं. मुंबई इलाख्यात भाड्यावर निर्बंध १९१८ पासून, मग १९३९, १९४४ आणि शेवटी १९४७ चा कायदा, ज्याने प्रमाण भाडं (मालकाला कायद्याने जास्तीत जास्त घेता येईल तेवढं भाडं) १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. भाडं वाढवता येत नाही आणि विजेचा खर्च तर वाढतोय, मग मालकाने लाईटचे पैसे भाड्यातून बाहेर काढून वेगळे मागायला सुरुवात केली. जुन्या चाळी आणि वाड्यांपुरतं दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं. पण भाडं कधीच गोठलेलं नव्हतं अशा अलीकडच्या बंगल्यांतही सबमीटर सर्रास दिसतो, त्यामुळे उपकरणांचं कारण पूर्ण सोडून देता येणार नाही.

भाडं आणि लाईटचे पैसे वेगळे झाले की कायद्याचा एक जुना प्रश्न उभा राहतो, की हे पैसे "भाडे" धरायचे का नाही. वरवर हा शब्दांचा खेळ वाटेल पण त्यावर माणसाचं घर अवलंबून असतं, कारण भाडं थकलं तर घर खाली करायचा दावा लावता येतो आणि इतर देणं थकलं तर फक्त ते वसूल करता येतं. १९५७ च्या लॉ रिपोर्टांत छापलेल्या कर्नानी प्रॉपर्टीजच्या प्रकरणात (कोलकात्याची मोठी इमारत होती) सर्वोच्च न्यायालयाने भाडे या शब्दाचा अर्थ बराच रुंद घेतला, जागेबरोबर फर्निचर, विजेची सोय आणि इतर सुविधांसाठी ठरलेली रक्कमही भाड्यातच येते असं म्हटलं. पण तो निवाडा एकत्र ठरलेल्या रकमेच्या अंगाने जातो. "भाडं अमुक, लाईट पाणी धरून" असं ठरलं असेल तर ते सगळं भाडंच, यात फार वाद नाही. सबमीटरवर मात्र रक्कम दर महिन्याला बदलते आणि मालक कंपनीला भरलेले पैसे फक्त परत मागत असतो, म्हणून तिला भाडं न म्हणता भरपाई म्हणणं जास्त पटतं, अर्थात करारात काय लिहिलंय ते आधी बघायचं आणि मग बाकीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) मध्ये भाडेकरू प्रमाण भाडं आणि परवानगी असलेली वाढ देत असेल किंवा द्यायला तयार असेल तोवर त्याला काढता येत नाही, थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावरसुद्धा ९० दिवस थांबावं लागतं. लाईट बिल भाड्यात गेलं तर हे सगळं संरक्षण त्यालाही लागतं आणि धोकाही लागतो.

याच अधिनियमाचं कलम २९ भाडेकरूंनी पाठ करून ठेवावं असं आहे. पाणी, वीज, जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवे, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सेवा मालकाला योग्य कारण नसताना तोडता किंवा अडवता येत नाहीत (१९४७ च्या कायद्यात हेच कलम २४ होतं). सबमीटरवाल्या घरात स्विच मालकाच्या जिन्याखाली असतो, भांडण झालं की फ्यूज काढून ठेवणं ही एका मिनिटाची गोष्ट आहे, आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस घरात असताना ती एक रात्र कशी जाते हे ज्याने काढलीय त्यालाच माहीत. कलमात शब्द भाडेकरू असा आहे, त्यामुळे लिव्ह अँड लायसेन्सवर (ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, ज्यात राहणारा कायद्याने भाडेकरू धरला जात नाही) राहणाऱ्याला त्याचा आधार तेवढ्या सरळपणे मिळत नाही, ही या कायद्यातली मोठी उणीव आहे.

मालकाने विजेवर नफा काढायचा का हा दुसरा मुद्दा. १९१० च्या जुन्या वीज कायद्यात कलम २८ खाली परवाना नसलेल्याला लोकांना वीज पुरवायची तर मंजुरी लागायची, आणि २००३ च्या विद्युत अधिनियमात कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय वीज वितरण किंवा व्यापार करता येत नाही. कंपनीचं बिल आहे तेवढंच वाटून घेणं याला कोणी व्यापार म्हणत नाही. पण बिलाचा सरासरी दर कमी असताना ठोक एक चढा दर लावून वरचे पैसे ठेवणं हे विजेची विक्री करण्याकडे झुकतं, आणि तसा ठोक दर ही अगदी रोजची गोष्ट आहे.

आता मुख्य गोष्ट, स्लॅब. भांडणं होतात ती रीडिंगवरून, पण भाडेकरूचं खरं नुकसान रीडिंगमध्ये नसतं, ते स्लॅबमध्ये असतं. महावितरण आणि बेस्टचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, महिन्याला १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी, त्यापुढे सगळ्यात जास्त. हे टप्पे एका घराचा वापर डोळ्यापुढे ठेवून आहेत. एका मेन मीटरवर चार घरं आली की मीटरला ते एकच मोठं घर दिसतं.

हिशोब सोपा जावा म्हणून गोल आकडे धरू, पहिल्या १०० युनिटला ५ रुपये, पुढच्या २०० ला १०, त्यापुढे १५ (हे खरे दर नव्हेत, फक्त चढण कशी असते ते दाखवायला). चार खोल्या, प्रत्येकी ८० युनिट. चौघांचे स्वतंत्र मीटर असते तर प्रत्येकाला ४०० म्हणजे एकूण १६००. एकाच मीटरवर ३२० युनिट झाले की ५०० अधिक २००० अधिक ३००, एकूण २८००. कोणी चोरी केली नाही, रीडिंग बरोबर आहे, मालकाने एक पैसा खाल्ला नाही, तरी १२०० रुपये जास्त गेले. स्थिर आकार (वीज किती जळली ते न बघता मीटरमागे लागणारी ठरलेली रक्कम) चार वेळाऐवजी एकदाच भरावा लागतो तेवढी बचत होते खरी, पण ती सहसा हा फरक भरून काढत नाही.

आणि वाटणीत अजून एक अन्याय लपलाय. समजा तीन खोल्यांत ४० युनिट आणि चौथ्या खोलीत गीझर, फ्रिज मिळून २००. एकूण तेच ३२०, बिल तेच २८००, सरासरी दर पावणेनऊ रुपये. ४० वाल्याला ३५० पडतात, स्वतःचा मीटर असता तर २०० पडले असते. २०० वाल्याला १७५० पडतात, एरवी १५०० पडले असते. म्हणजे सगळ्यांनाच जास्त पडलं पण जो सगळ्यात कमी वीज जाळतो त्याला पाऊणपट जास्त आणि जो सगळ्यात जास्त जाळतो त्याला जेमतेम सहावा हिस्सा जास्त. एकूण बिल भागिले एकूण युनिट गुणिले आपले युनिट ही वाटणी सगळे प्रामाणिक समजतात आणि आहेही, तरीसुद्धा एक बल्ब एक पंखा वापरणारा दुसऱ्याच्या गीझरचे पैसे भरत राहतो.

रीडिंगचा भाग त्यामानाने सरळ आहे. जिन्याखाली लाकडी फळीवर ओळीने मीटर, शेजारी खिळ्याला टांगलेली वही, तीत मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, फरक, रक्कम, सही. मेन मीटरचे युनिट आणि सगळ्या सबमीटरची बेरीज कधीच जुळत नाही. पॅसेजचा दिवा, पाण्याची मोटर, वायरमधली गळती, सबमीटर स्वतः खातो ती थोडी वीज आणि जुने चकतीचे मीटर हळू फिरतात तो फरक, हे सगळं मध्ये राहतं. हा राहिलेला वाटा बहुतेक ठिकाणी समान वाटतात, काही मालक स्वतः सोसतात.

आपला मीटर तपासायचा असेल तर खोलीतली सगळी बटणं बंद करून प्लग काढायचे आणि मीटरवरचा लाल दिवा बघत उभं राहायचं. तो तरीही लुकलुकत असेल तर दुसरं काहीतरी आपल्या मीटरवर आहे, पुष्कळदा जिन्यातला बल्ब निघतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर ३२०० इंप असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. १०० वॅटचा बल्ब १० तास जळला की एक युनिट, त्यावरून ताळा करता येतो. जुन्या वाड्यांत एक दोष वारंवार सापडतो, दोन खोल्यांचा न्यूट्रल (करंट परत जायची वायर, येणारी ती फेज) एकत्र बांधलेला. बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर चोरी पकडता यावी म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट मोजतात आणि जो जास्त तो धरतात, त्यामुळे शेजाऱ्याचा परतीचा करंट आपल्या न्यूट्रलमधून गेला तर त्याची वीज आपल्या नावावर चढते. मीटर खराब म्हणून बदलतात आणि नवा मीटरही तेच दाखवतो, वायरमनने न्यूट्रल सुटे केले की थांबतं.

स्वतंत्र मीटर घेणं हा खरा उपाय, आणि कायदा त्याच्या बाजूने आहे. विद्युत अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये मालक "किंवा" भोगवटादार (जागेत प्रत्यक्ष राहणारा) यांनी अर्ज केला तर पुरवठा द्यायचा असं आहे. वीज कार्यालयात मालकाचं ना हरकत पत्र मागतात आणि तिथेच गाडं अडतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं की वीज ही मूलभूत गरज आहे, मालक पत्र देत नाही एवढ्यावरून ती नाकारता येत नाही, अर्जदार त्या जागेत राहतो का एवढंच कंपनीने बघायचं. घरगुती मीटरवरून दुकान चालवलं तर मात्र कलम १२६ लागतं आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, ती येते मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर म्हणजे मालकावर. थकबाकीचंही तसंच, १५ दिवसांच्या नोटिशीनंतर मेन मीटर तुटतो आणि वेळेवर पैसे दिलेले भाडेकरूही अंधारात बसतात.

पाण्याला सबमीटर क्वचित. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकार बघून वाटायची असते, माणसं किती ते बघून नाही. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही (१ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय), ते द्यायचं मालकाने. पाईप गॅसचं बिल मुंबईत दोन महिन्यांनी येतं त्यामुळे घर सोडताना मीटरचा फोटो काढून त्या दिवसापर्यंतचा हिशोब डिपॉझिटमधून वळता करतात. गोव्यात भाड्यासाठी १९६८ चा वेगळा कायदा आहे आणि वीज सरकारी खातं देतं, वाटणीची रीत साधारण अशीच.