पकडलेला मासा सोडण्यापूर्वीची हाताळणी : पार्श्वभूमी

पुण्याच्या परिसरात गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडणारे हौशी लोक आता नवलाचे राहिलेले नाहीत. मात्र तोंडातून गळ निघाल्यापासून मासा हातातून सुटेपर्यंतच्या वेळात त्याच्या शरीरावर काय ओढवते, याचा विचार बराच उशिरा सुरू झाला. तोही थंड पाण्यातल्या ट्राउटवरून झाला असल्याने मुळशी, पवना किंवा पानशेतच्या पाण्याला तो कितपत लागू पडतो, हा वाद अजून मिटलेला नाही.

माशाला जीवदान देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहात किंवा महाडजवळच्या वाळण कोंडीत मासे देवाचे मानून राखले गेले. पण तिथे मासा मुळात पकडतच नाहीत, त्यामुळे हाताळणीचा प्रश्न येत नाही. आपल्या खडस माशाचे, म्हणजे दख्खनी महसीरचे, शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये झाले, तेही पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. इंग्रजी अमदानीत मासा मारून वजनकाट्यावर चढवणे हाच शौक होता आणि 1946 मध्ये कबिनी नदीत मिळालेल्या 120 पौंडी महसीरची कीर्ती त्याच पठडीतली आहे. पकडून सोडण्याचा नियम व्यवस्थापनाचा उपाय म्हणून अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1952 मध्ये आला, तो मुख्यतः ट्राउटची पिल्ले वारंवार सोडण्याचा खर्च वाचावा म्हणून. भारतात ही रीत 1970च्या दशकाच्या अखेरीपासून कावेरीकाठी रुजत गेली. या साऱ्या काळात मासा पोहत निघून गेला म्हणजे वाचला, असेच धरले जाई.

या समजाला धक्का बसला तो 1992 मध्ये. कॅनडातील एका प्रयोगात इंद्रधनुषी ट्राउट दमेपर्यंत पळवण्यात आले; त्यांतील काहींना पाण्यातच ठेवले, काहींना 30 सेकंद आणि काहींना 60 सेकंद हवेत धरले, आणि पुढच्या 12 तासांत किती मरतात ते पाहिले. पाण्यातच राहिलेल्यांपैकी 12 टक्के मेले, अर्धे मिनिट हवेत राहिलेल्यांपैकी 38 टक्के, तर एक मिनिट राहिलेल्यांपैकी 72 टक्के. कारण कल्ल्यांच्या रचनेत आहे: पाण्यात असताना कल्ल्यांची नाजूक पाती एकमेकींपासून सुटी तरंगतात, हवेत ती एकमेकींना चिकटतात आणि दमलेल्या माशाला प्राणवायूची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी त्याचा श्वास कोंडतो.

या आकड्यांनी पुढची तीन दशके व्यापली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने तर सोडणे बंधनकारक असलेले सॅमन आणि स्टीलहेड पाण्यातून पूर्ण बाहेर काढण्यासच मनाई केली, म्हणजे हातात उचलून छायाचित्र काढणेही बेकायदा ठरले. या कडक नियमावर आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा असा की, टाकीत पळवून बेजार केलेला मासा आणि नदीत चटकन ओढून घेतलेला मासा यांची तुलना होत नाही. अलीकडे वाहत्या पाण्यातल्या मुक्त ट्राउटवर झालेल्या काही चाचण्यांत 60 सेकंद हवेत धरूनही मृत्यूंत ठळक फरक आढळला नाही. आक्षेप वजनदार आहे आणि मूळ आकडा सरसकट सर्व माशांना लावणे चूकच होते. तरीही त्यातून ‘मिनिटभर चालते’ असा निष्कर्ष पुण्यात बसून काढणे धोक्याचे आहे. 10 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. एप्रिल-मेमध्ये उथळ काठावर खेचत आणलेला मासा सुटल्यावरही अशाच पाण्यात सावरायचा असतो, ही बाब त्या थंड पाण्याच्या चाचण्यांत येतच नाही.

हवेइतकाच घात कोरडा स्पर्श करतो, आणि धरणाकाठी तो सर्रास दिसतो. गळ काढण्यासाठी मासा उन्हाने तापलेल्या काळ्या दगडावर टेकवला जातो, फडक्याने दाबून धरला जातो, आणि तो सुटून गेल्यावर दगडावर व तळव्यावर बुळबुळीत चकाकी उरते. ती चकाकी म्हणजे त्याच्या अंगावरचे संरक्षक आवरण होय. ते खरवडलेल्या जागी पुढे कापसासारखी पांढरी बुरशी धरू शकते. पण तोवर पकडणारा घरी पोहोचलेला असतो आणि मासा मेल्याचे त्याला कधीच कळत नाही. हात आधी ओले करणे, गाठी नसलेली रबरी जाळी वापरणे, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून बोथट करणे आणि मोठा मासा जबड्याला धरून उभा न लटकवता पोटाखाली आधार देणे, या गोष्टी याच समजुतीतून आल्या. मासा सोडताना त्याला पुढे-मागे हलवण्याची जुनी सवयही आता टाकाऊ मानली जाते, कारण मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटे जाते; तोंड प्रवाहाकडे ठेवून त्याला नुसते धरून ठेवणे पुरते.

युरोपात वाद याच्याही पुढे गेला. स्वित्झर्लंडच्या 2008च्या नियमावलीने सोडण्याच्याच हेतूने मासे पकडणे निषिद्ध ठरवले. खाण्यासाठी नाही तर छळ कशासाठी, हा तिथला युक्तिवाद. भारतात कावेरी अभयारण्यातील गळाची शिबिरे वन्यजीव कायद्याच्या आधारे बंद झाली, तेव्हा हौशींच्या वावरामुळे चोरट्या मासेमारीला, विशेषतः सुरुंगाच्या दारूच्या वापराला, आळा बसत होता, असा दावा करण्यात आला.

त्याच कावेरीत आपल्या खडसवर झालेला अभ्यास पुणेकरांना जास्त जवळचा आहे, कारण पाणी उष्ण आणि मासाही तोच. तिथे गळ बहुतेक वेळा तोंडातच अडकला आणि मृत्यू थोडे झाले. मात्र झुंज लांबली आणि वर हवेत धरणेही झाले, की रक्तातील ताणाच्या खुणा वाढलेल्या आढळल्या. या नदीत खडस मूळचा नव्हे. लोणावळ्याजवळ वळवणला 1970च्या दशकापासून चाललेल्या बीजनिर्मितीतून त्याची पिल्ले दूरदूर गेली, आणि कावेरीतला स्थानिक वशिंडाचा महसीर मागे हटण्याच्या कारणांत आज खडसचे नाव घेतले जाते. उजनीतल्या परदेशी चिलापीचा प्रश्नही याच जातीचा असून, ती गळाला लागली तर कितीही हळुवार हाताळून पुन्हा पाण्यात सोडू नये, असे मत स्थानिक माशांची काळजी वाहणाऱ्यांत बळावत आहे.