‘प्रोमिथिअस’मधला डीएनए रिपोर्ट आणि आपला दोन नंबरचा क्रोमोसोम

जानेवारी २०२५ मधे बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीचे रिझल्ट आले. आपल्या प्रोटीन्समधे लागणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी १४ त्यात सापडली, शिवाय डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं (ज्यांच्या क्रमात जिवाची माहिती लिहिलेली असते ती रसायनं). झालं, लगेच ‘आपण एलियनची पोरं, आता नासाच सांगतंय’ असल्या गप्पा सुरू. नासाने तसलं काही सांगितलेलं नाही. सापडलाय तो कच्चा माल, जीव नाही. पण या निमित्ताने रिडली स्कॉटचा ‘प्रोमिथिअस’ (२०१२) परत बघितला, कारण हीच कल्पना घेऊन काढलेला तो सगळ्यात महागडा आणि सगळ्यात चिडचिड करायला लावणारा सिनेमा असावा.

हा १९७९ च्या ‘एलियन’चा प्रीक्वेल. मूळ सिनेमात एका बेवारस यानात खुर्चीला चिकटलेला एक अवाढव्य मेलेला प्राणी दिसतो, तो कोण, कुठला, काही सांगत नाहीत आणि म्हणूनच तो डोक्यातून जात नाही. प्रीक्वेलवाल्यांनी ठरवलं की सांगूनच टाकू. तर तो सांगाडा नव्हताच म्हणे, सूट होता, आत आपल्यासारखाच पण उंच, पांढराफटक, टकला माणूस, त्याचं नाव इंजिनियर. इथे माझा अर्धा मूड गेला. बाकी दिसायला सिनेमा जबरदस्त आहे, मायकेल फासबेंडरने केलेला डेव्हिड नावाचा यंत्रमानव तर एकटाच तिकिटाचे पैसे वसूल करून देतो. चुका मोजायला बसलं तर ढीग आहे. पृथ्वीपासून अर्धा अब्ज मैलांवर आलोय असा एक डायलॉग आहे, म्हणजे ८० कोटी किलोमीटर, म्हणजे जेमतेम गुरूच्या आसपास, आणि आपल्या निर्मात्यांच्या शोधात यानातून निघालेले हे लोक म्हणे दुसऱ्या ताऱ्यापाशी पोचलेत (सगळ्यात जवळचा तारासुद्धा ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे). हवेत ३ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, दोन मिनिटांत मराल असं सांगतात, प्रत्यक्षात ३ टक्क्याला धाप लागेल, डोकं दुखेल, पण दोन मिनिटांत कोणी मरत नाही. असो, हे सोडून देऊ.

सुरुवातीचा सीन मात्र सोडून देण्यासारखा नाही. एक इंजिनियर धबधब्याच्या काठावर काळं द्रव्य पितो, त्याचं शरीर विरघळतं, डीएनएचे तुकडे पाण्यात पडतात आणि तिथून नवं जीवन सुरू होतं. ही कल्पना वेडगळ वाटली तरी १९७३ मधे फ्रान्सिस क्रिक (तोच, डीएनएच्या डबल हेलिक्सवाला) आणि लेस्ली ऑर्गेल यांनी रीतसर पेपर लिहून मांडली होती, की कुणीतरी मुद्दाम सूक्ष्मजीव पाठवले असतील का. आपल्या नारळीकर सरांनीही पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येतात का हे तपासायला २००१ मधे हैदराबादहून बलून सोडला होता, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले, त्यात जिवंत पेशी सापडल्या. त्या वरून आल्या की खालून वर गेल्या हे त्यावरून ठरत नाही. म्हणजे प्रश्न विचारण्यालायक आहे.

पण मग सिनेमात लॅबचा सीन येतो. इंजिनियरचं मुंडकं सापडतं, कार्बन डेटिंग करून सांगतात की मरून २००० वर्षं झाली (हा हिशोब हवेतल्या कार्बन-१४ वरून करतात, आणि त्या ग्रहाच्या हवेत तो किती असतो हे कुणी मोजलेलंच नाही, तरी), डीएनए काढतात, स्क्रीनवर माणसाच्या डीएनएवर ठेवतात आणि पूर्ण मॅच! निष्कर्ष काय, तर आपण यांच्यापासून आलो.

अहो, पूर्ण मॅच कसा येईल? तुम्ही आणि तुमचा शेजारी यांच्यातही साधारण ०.१ टक्का फरक असतो, ३०० कोटी अक्षरांपैकी ३० लाख अक्षरं वेगळी. पूर्ण जुळतो तो फक्त एकसारख्या जुळ्यांचा. बरं, ‘जवळजवळ मॅच’ म्हणायचंय असं धरू. तरीही गाडी अडते, आणि अडते ती आपल्या दोन नंबरच्या क्रोमोसोमवर (क्रोमोसोम म्हणजे पेशीतली डीएनएची एकेक गुंडाळी), जो माझा अत्यंत आवडता क्रोमोसोम आहे.

चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांना क्रोमोसोमच्या २४ जोड्या, आपल्याला २३. एक जोडी गेली कुठे? कुठेच नाही, पूर्वजात कधीतरी दोन क्रोमोसोम टोकाला टोक लावून चिकटले आणि त्यांचा आपला नंबर दोन झाला. दोन वह्या एकत्र शिवल्या की मधेच दोन पुठ्ठे येतात ना, तसंच इथे. क्रोमोसोमच्या टोकांना टेलोमिअर असतं, त्यात टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं परत परत येतात, आणि त्यांची जागा टोकालाच, मधे काही काम नाही. १९९१ मधे नंबर दोनच्या ऐन पोटात हीच अक्षरं सापडली, एका बाजूने सुलट आणि मग अचानक उलट, सीसीसीटीएए, म्हणजे दोन टोकं एकमेकांसमोर. वर आणखी पुरावा हवा तर सेंट्रोमिअर घ्या, पेशी विभागताना क्रोमोसोम जिथून ओढला जातो ती जागा, प्रत्येकाला एकच असते, पण नंबर दोनमधे एक चालू आणि दुसऱ्याचे मेलेले अवशेष शिल्लक. वरचा भाग चिंपांझीच्या एका क्रोमोसोमशी जुळतो, खालचा दुसऱ्याशी. निएंडरथलमधेही हा जोड सापडलाय.

म्हणजे हा जोड इथला आहे, पृथ्वीवरच्या वानरकुळात घडलेला. सिनेमातला जीवशास्त्रज्ञ डार्विनचं काय असं एकदा विचारतो खरा, त्यावर हिरॉईन म्हणते की मी यावर विश्वास ठेवायचं निवडलंय, आणि विषय संपतो. प्राचीन देव म्हणजे परग्रहवासीच असं पुस्तकांतून सांगणाऱ्या डॅनिकेनच्या परंपरेतले सगळे असेच. वेरूळचं कैलास लेणं एलियनने खोदलं असे व्हिडिओ बनवणाऱ्यांना भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा दिसत नाहीत, आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला दिसत नाही, आपल्याच माणसांना हे जमलं असेल एवढं मानायला काय जातं कळत नाही.

आता गंमत बघा. इंजिनियरचा डीएनए खरंच आपल्याशी जुळत असेल तर त्याच्यातही हा जोड असणार, मधे उलटसुलट टेलोमिअर, मेलेलं सेंट्रोमिअर, सगळं. करोडो वर्षांपूर्वी बी टाकून गेलेल्याला ते यायचं कारणच नाही. मग लॅबमधल्या कुणीही शुद्धीवर असलेल्या माणसाने काढावा असा निष्कर्ष बरोबर उलटा आहे, की हे आपले निर्माते नाहीत, यांनाच कुणीतरी कधीतरी पृथ्वीवरून उचलून नेलंय, आफ्रिकेतल्या वानरांचे वंशज आहेत हे. आणि मग नेलं कुणी? असा प्रीक्वेल काढला असता तर खुर्चीतल्या त्या प्राण्याला सूटमधला माणूस करून टाकायचीही गरज नव्हती, तो नेणाऱ्यांपैकी एक, अनोळखी तो अनोळखीच राहिला असता.