पार्श्वभूमी : ‘२८ मिमी’ नावाचा घोळ

टेबलटॉप मिनिएचर म्हणजे पटावरच्या खेळातल्या छोट्या आकृत्या. त्यांच्यासोबतचे प्रॉप, म्हणजे पिंपे, पेट्या, मशाली आणि हत्यारे, पूर्वी धातूत ओतले जात. फिरत्या रबरी साच्यात पातळ भाग भरण्याआधीच धातू गोठे, म्हणून पाती जाड ठेवावी लागत. साचा दोन भागांत उघडायचा, म्हणून आत वळलेली नक्षी टाळली जाई. लठ्ठ तलवारी आणि मोठाली डोकी यांची ‘हिरोइक’ शैली थोडी आवडीतून आली, बरीचशी ओतकामाच्या सक्तीतून.

२०१८च्या सुमारास घरगुती एलसीडी रेझिन प्रिंटर, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करणारी यंत्रे, आवाक्यात आले. पिक्सेल सुमारे ०.०४७ मिमी, थर ०.०५ मिमी. आत वळलेली नक्षी आता निघू लागली, पण जाडी काही सुटली नाही. ५ मिमी जाडीचे खरे पाते १:५६ प्रमाणात, म्हणजे छप्पन्नपट लहान केल्यावर, ०.०९ मिमी होते. तेवढे छापले तरी सपोर्ट, म्हणजे छापताना वस्तूला धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या काड्या, काढताना तुटते. म्हणून ०.८ मिमी धरतात, म्हणजे खऱ्या मापात साडेचार सेंटिमीटर जाड पाते! नवी डोकेदुखीही आली : पालथी कढई किंवा पोकळ पिंप रेझिनच्या टाकीच्या तळाच्या फिल्मला चिकटते, आत निर्वात ओढ तयार होते आणि थर फाटतात. बुडाजवळ २-३ मिमीचे भोक हवेच.

खरा वाद मापाचा. ‘२८ मिमी’ हे प्रमाण नव्हे, उंची आहे, तीही कुठवर? शिरस्त्राण, टोपी, शिंगे यांचा घोळ नको म्हणून तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजायचे, ही एक रीत. त्यातून साधारण १:५६ निघते. तेच २८ मिमी डोक्याच्या टोकापर्यंत धरले तर प्रमाण १:६२च्या आसपास जाते. जुने २५ मिमी फुगत २८ झाले, २८चे ३२, म्हणजे जवळपास १:५०. खेळाच्या पटावर मात्र एक इंचाचा चौकोन पाच फुटांचा, म्हणजे १:६०! अर्धा मीटर उंच पेटी कुठे ८.३, कुठे ८.९, कुठे १० मिमी. प्रॉप पटाशी जुळवायचा की आकृतीशी, यावर एकमत नाही. आकृतीशी जुळवावा हेच बरे. बुटक्या पेटीशेजारी उभा योद्धा राक्षस दिसतो.

वस्तूचा त्रिमितीय आकार ज्यात साठवतात त्या एसटीएल फाइलमध्ये एककच नसते, नुसते आकडे असतात. स्लायसर, म्हणजे छपाईसाठी आकाराचे थर पाडणारे सॉफ्टवेअर, ते मिलिमीटर समजतो, म्हणून मीटरमध्ये घडवलेले पिंप कणाएवढे उघडते.

‘टक्केवारी बदला की झाले’ हा सल्लाही अर्धवट. २८वरून ३२ला नेताना ११४ टक्के केले की चुंबकासाठीचे ५ मिमीचे भोक ५.७ होते आणि चुंबक सैल बसतो. ३२वरून २८ला ८७.५ टक्क्यांवर आणले की ०.४ मिमीची साखळीची कडी ०.३५ उरते. आधीच सपोर्ट लावलेली फाइल असेल तर ०.३ मिमीची सपोर्टची टोके ०.२६ होतात आणि जड प्रॉप मध्येच सुटून टाकीत पडतो. सपोर्ट नसलेली फाइल आधी मोजून लहान करावी, सपोर्ट त्यानंतर लावावेत.